बन्सीच्या वावरातली कोठी

अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शननंतर साहेबाची कोठी वस्तीनं दहा वर्षांत फस्त केली. चोरी म्हणायची सोय नव्हती, कारण मागायला साहेबच उरला नव्हता. निजामाच्या चाकरीत इंजिनिअर म्हणून आलेला तो इंग्रज चाळीस वर्षं थाटात राहिला आणि एका सकाळी मोटारीत बसून गेला तो गेलाच. मग पिशोरकडच्या या वस्तीत सागवानी दारं गोठ्यांना लागली, घडीव चिरे विहिरींत उतरले, रंगीत काचांची खिडकी सारजाबाईच्या चुलीपुढं आली. शंभर एकरांची मोसंबीची बाग मोळ्या होऊन जळाली. पाया तेवढा मातीखाली राहिला, त्यावर वस्तीच्या कारभाऱ्यानं, बन्सीनं, नांगर घातला.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा कोठीची आठवण निघाली. काढली अमिनानं. तिचा बाप मजीद साहेबाचा माळी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांच्या नहरीतून, जमिनीखालून बागेला यायचं. ती नहर अजून वाहत असणार, असं अमिना छातीठोक सांगे. खूण म्हणून कोठीची दगडी पायरी होती, बन्सीच्या बांधावर पडलेली. तिच्यापासून पावलं मोजून अमिनानं दोनदा जागा दाखवली. दोन्ही खड्ड्यांत नुसता मुरूम निघाला. लोकांचे हात सोलले आणि हिची अब्रू गेली. पाणी आता चार दिवसांचं उरलं होतं. सोमवारी गाड्या जुंपून वस्ती सोडायची, असं बन्सीनं ठरवून टाकलं.

शनिवारी अमिना दुष्काळी कामावर गेली. टेकडीच्या माथ्यावर चर खोदायचे होते, जिथं एरवी शेळ्यांशिवाय कुणी चढत नसे. दुपारी भाकर सोडून ती कडेला बसली, सहज खाली पाहिलं आणि घास हातातच राहिला.

बन्सीच्या करपलेल्या ज्वारीत कोठी उभी होती. उभी कसली, आडवी, पण अख्खी! जिथं पायाचे दगड होते तिथली ताटं आधी जळून पांढरी पडली होती आणि त्या पांढऱ्या रेघांनी एकेक खोली आखून दिली होती. लांब व्हरांडा, मोटार थांबायची गोल जागा, मधला भलाथोरला दिवाणखाना. आणि डोंगराकडून थेट कोठीच्या पाठीमागं आलेली एक हिरवीगार रेघ, हातभर रुंद. माणसांनी एवढं ओरबाडलं, तरी जमिनीनं चोवीस वर्षं सगळं जपून ठेवलं होतं. तिला रडू आवरेना.

आपली चूकही तिला तिथंच दिसली. पायरी होती बांधावर आणि दाराची जागा वावराच्या मधोमध. कोठी मोडली तेव्हा मजीदनंच ती पायरी बैल लावून बांधावर ओढून नेली होती, हे तिला आता आठवलं. दगड-दारं न्यायला येणाऱ्या कुणी साहेबाच्या पायरीवर जोड्यानिशी चालू नये, एवढंच त्या भोळ्या माणसाचं म्हणणं.

ती धावत खाली गेली. बन्सी आधी फणकारला, कारण खालून तो पट्टा म्हणजे नुसती चार हिरवी ताटं दिसायची आणि तेवढाच त्याच्या बैलांचा चारा होता. पण तो टेकडी चढला. वरून पाहिलं आणि डोक्याचा पटका हातात घेतला.

रविवारी सगळी वस्ती कुदळी घेऊन निघाली. हिरव्या रेघेकडं सरळ वाट होती, पण अमिना वळसा घालून दाराच्या जागेवर गेली आणि तिथून आत शिरली. न सांगता मागच्यांनी वहाणा काढल्या आणि एकामागं एक तेही दारातूनच आले. कमरेइतकं खोदल्यावर कुदळ खापराला लागली. फुटक्या तुकड्याखाली गार, नितळ पाणी आपल्या चालीनं वाहत होतं. बन्सीनं कोपरापर्यंत हात बुडवला आणि तसाच ठेवला.

“अमिनाबी,” तो हळूच म्हणाला, “कोठीत आतमधी अजून काय काय व्हतं गं?”

“मला नाय म्हाईत, बन्सीदादा. माळ्याच्या लेकराला आत कोण घेतंय? आज पयल्यांदाच गेले.”