कमरखाचा रस आणि जोतीरामची उचकी

पन्हाळ्याच्या पायथ्याला तानाबाईंचं घर. परड्यात कमरखाचं झाड, पाच धारांच्या पिवळ्या फळांनी वाकलेलं. पित्त उसळलं, तोंडाची चव गेली, उन्हाळी लागली की अर्धी गल्ली फळ मागायला यायची. तानाबाईंनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही.

त्यांचा धाकटा भाऊ जोतीराम कोल्हापुरात शाहूपुरीत राहायचा. दोन वर्षांपासून किडन्या निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गुरुवारी सकाळी तो बहिणीकडे आला. तोंड कडू पडलंय म्हणाला. तानाबाईंनी चार फळं कुटून पेलाभर रस दिला.

"घे, लघवी साफ हुईल. झाडाचं हाय, बाधायचं न्हाय."

"आक्का, जीव गार झाला बघ," गटागट पिऊन जोतीराम म्हणाला.

दुपारी त्याला उचकी लागली. साखर दिली, पाठीवर थापा मारल्या, थांबायचं नाव नाही. चारच्या सुमाराला उलटी झाली. मग तो विचारायला लागला, "आई कुठं गेली?" आई जाऊन वीस वर्षं झालेली. तानाबाईंनी त्याच्या पिशवीतल्या डायलिसिसच्या फाइलवरचा नंबर लावला. फोन अनुजा सिस्टरनं घेतला.

"आज वेगळं काय खाल्लं त्यांनी?"

सांगू नये असं एकदा मनात आलं. पण भाऊ समोर कण्हत होता.

"कमरखाचा रस. म्याच दिला."

"आत्ताच्या आत्ता घेऊन या! डॉक्टरांना सांगून मशीन तयार ठेवते."

शेजारच्या राजवीरनं गाडी काढली आणि तासाभराच्या आत जोतीराम मशीनला लागला. पुढच्या दोन दिवसांत आणखी दोनदा डायलिसिस झालं. शनिवारी संध्याकाळी उचकी थांबली, आणि तो नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडला, "आक्का, च्या कुठाय?"

तानाबाई तिथंच पदर तोंडाला लावून रडल्या.

अनुजानं त्यांना बाकावर बसवलं. "निरोगी माणसानं एखादं फळ खाल्लं तर सहसा काही होत नाही. रिकाम्या पोटी पेले भरून रस मात्र त्यांनीही पिऊ नये. त्यातलं विषारी द्रव्य किडनी बाहेर टाकते. किडनीच्या पेशंटला एक फळही जड जातं, मेंदूवर परिणाम होतो. तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून वेळ वाचला."

"पोरी, तू इचारलंस म्हणून माझा भाऊ हाय." तानाबाईंनी तिचे दोन्ही हात कपाळाला लावले.

जोतीरामनं बहिणीला एका शब्दानं बोल लावला नाही. "तू मायेनं दिलंस की," एवढंच म्हणाला.

पुढच्या डायलिसिसला तानाबाई बरोबर गेल्या. सिस्टरसाठी काकवीची बरणी नेली होती. ती देऊन झाल्यावर त्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांकडे वळल्या.

"पावणं, जरा ऐका. किडनीच्या माणसाला कमरख अजिबात द्यायचं न्हाय. म्या भावाला रस दिलता. ह्या पोरीनं वाचीवला."