विनी कामावर आहे

मागून बंद होणारी पाद्र्याची पांढरी कॉलर.

टेप महाग, माणूस स्वस्त.

गिरणीत माग सुरू झाले की हाका मारून उपयोग नसे. ओल्डहॅमच्या बायका नुसते ओठ हलवत आणि समोरचीचे ओठ वाचत.

आधी श्वास अडकतो. मग तीन उचक्या. मग किटलीची शिट्टी.

दिग्दर्शकाची पँट.

नॉरिस हेस्केथ हे नाव सांगितलं तर लोक विचारत, "कोण?" चेहरा दिसला की ओरडत, "अरे, हा तो!" टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत नायक दार उघडायचा, बाहेर नॉरिस उभा. कधी झिंगलेला पाद्री, कधी बायकोला भिणारा बँकेतला कारकून, कधी टोपी सांभाळणारा पोलीस. दोन वाक्यं, एक ठेच, हशा, की हा बाहेर. वीस वर्षं त्याचं पोट असं दारातच भरलं. नक्कल कुणाचीही करायचा. पण मार्चमध्ये बायको, विनी, गेली आणि तिचं हसू काही त्याला जमेना. आरशासमोर उभा राहून तिच्यासारखा श्वास अडकवायचा, उचक्या द्यायचा. बाहेर पडायचा तो भलत्याच कुणाचातरी खोकला. महिन्यागणिक ते हसू आणखी पुसट होत चाललं होतं, आणि हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो मेहुणीकडे, एल्सीकडे, चहाला गेला. डब्यातल्या सॅमन माशाचं सँडविच, कोपऱ्यात टीव्ही. नवीकोरी मालिका चालली होती. कुणी पोरगेला नट नळ दुरुस्त करता करता भिजत होता. प्रेक्षक हसले.

त्या हशातून श्वास अडकला. तीन उचक्या. शिट्टी.

एल्सी चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, टेबलक्लॉथ भिजला, तरी तिचा हात सरळ होईना.

"ऐकलंस?" नॉरिस म्हणाला.

"मी काहीही ऐकलेलं नाही."

"एल्सी, विनी होती ती."

"नॉरिस, तिला आपण पुरलंय. आलेल्यांच्या जेवणाला हॅम कापलं होतं मी त्या दिवशी." मग ती मटकन खाली बसली. "तीच होती रे. देवा. तीच मेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉरिस मँचेस्टरच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिविभागातल्या क्लिफ रॅम्सडेनपुढे उभा राहिला. क्लिफचं काम एकच: जिथे प्रेक्षक कमी हसले तिथे साठवणीतलं हसू भरायचं.

"अरे, हा तो!" क्लिफ म्हणाला. "पाद्रीबुवा! आहात कुठे?"

"घरी. क्लिफ, माझी बायको तुझ्याकडे आहे."

क्लिफच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "तुमच्या पाद्र्याचे भाग नाहीत हो आता. टेप महाग. पुसून त्यांवर फुटबॉल घेतला."

"सगळे?"

"सगळे."

नॉरिसला वाटलं, आपणच मेलोय आणि ही बातमी आपल्याला उशिरा कळतेय.

"हशा तेवढा ठेवतो आम्ही," क्लिफ म्हणाला आणि एक रीळ चढवलं. "तुम्ही म्हणताय ती ही बघा. हिला आम्ही किटलीबाई म्हणतो. लाख मोलाची बाई! हिच्यासोबत दुसरं कुणी हसतच नाही, एकटी, स्वच्छ. कुठेही चिकटवा."

खोली शांत. मग श्वास अडकला. नॉरिसने टेबलाची कड धरली. उचक्या. शिट्टी.

"एकटीच का हसतेय?" त्याने विचारलं.

"तेच कोडं आहे. विनोद चाललाच नव्हता. कॅमेरा बिघडलेला, दिग्दर्शक लाल होऊन ओरडत होता, प्रेक्षक चिडीचूप. आणि पहिल्या रांगेतून ही!"

नॉरिसला तो दिवस आठवला. पाद्र्याच्या कॉलरमध्ये तो तिथेच उभा होता. विनी नेहमीसारखी पहिल्या रांगेत, त्याच्या ओठांकडे बघत. गिरणीने तिचे कान खाल्ले होते. विनोद ती ओठांवरूनच उचलायची. आणि त्याने आवाज न काढता, गिरणीच्या बोलीत, तिला सांगितलं होतं: दिग्दर्शकाच्या पँटची बटणं उघडी आहेत.

"माझा विनोद होता तो," तो कसाबसा म्हणाला.

"ऐकू नाही आला कुणाला."

"तिच्यासाठीच होता."

क्लिफने कात्री उचलली. "कापून देऊ? घेऊन जा. पण मग टीव्हीवर नाही यायची ती."

नॉरिसने हात पुढे केला. बोटं टेपजवळ जाऊन थांबली.

"आणखी कुठे कुठे वापरतोस?"

"या हंगामात? सगळीकडेच."

"मग राहू दे," नॉरिस म्हणाला. "माझ्यापेक्षा बरं चाललंय तिचं. मला उन्हाळ्यापासून काम नाही."

"पुन्हा ऐकवू?"

"ऐकव की लेका. विचारतोस काय!"

विनीचे दोन्ही कान गिरणीत मागावर गेले, ते नॉरिस तिला भेटायच्या आदल्या वर्षी; त्याचा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.