सोळा शिव्यांची यादी

सुनेने ते अपडेट बावीस दिवस टाळलं. रोज सकाळी मेलचा प्रोग्रॅम उघडला की कोपऱ्यात चौकट यायची, ‘नवी आवृत्ती तयार आहे’, आणि ती न वाचताच ‘नंतर’वर टिचकी मारायची. तेविसाव्या दिवशी मात्र चौकटीने आवाज चढवला. एक तारखेपासून जुन्या आवृत्तीत नवी पत्रं येणार नाहीत, असं तिने स्पष्ट बजावलं. एक तारीख परवावर आली होती.

घरचा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. मागच्या खोलीत लेथ आणि भिंतीला टांगलेली पारडी, पुढच्या खोलीत दोन टेबलं. एकावर सासरे, दुसऱ्यावर सून. नवरा दिवसभर गिऱ्हाइकांच्या दारी काटे तपासत फिरायचा, त्यामुळे दोन्ही कॉम्प्युटरांचा संसार तिच्या एकटीच्या गळ्यात पडला होता. सासऱ्यांच्या मेल प्रोग्रॅमला तिने हौसेने अकरा ॲड-ऑन लावली होती. एक अक्षरं मोठी करायचं. एक ‘सोबत जोडलं आहे’ असं लिहून काहीच न जोडणाऱ्याला टोकायचं. एक पत्राखाली दुकानाचा पत्ता डकवायचं. दहांबद्दल तिने सासऱ्यांना समजावून सांगितलं होतं. अकराव्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या अकराव्याचं नाव ‘दमानं’. कुणा निवृत्त हेडमास्तरांनी ते बनवून फुकट वाटलं होतं. पत्रात नको तो शब्द दिसला की ते पत्र बाहेर जाऊ न देता गुपचूप वेगळ्या फोल्डरात सरकवायचं. तो फोल्डर सुनेला तिच्या टेबलावरून दिसायचा. मग ती चहा घेत घेत पत्रातलं विष काढायची, साखर घालायची आणि सासऱ्यांच्याच नावाने रवाना करायची.

यात तिला काही पाप वाटत नव्हतं. सासरे मनाने लोण्यासारखे होते, पण लिहायला बसले की त्यांच्या अंगात यायचं. ‘डोक्याला गंज चढलाय का?’ याचं ती ‘थोडा गैरसमज झालेला दिसतो’ करायची. ‘दांडीमार, खोट्या पासंगावर पोट भरणारा’ याचं ‘आपल्यासारख्या जुन्या व्यावसायिकाला’. गिऱ्हाइकं खूश होती. एकाने तर सासऱ्यांना समोर येऊन सांगितलं की तुमच्यासारखं सभ्य लिहिणारं आता कुणी उरलं नाही, आणि सासऱ्यांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं.

हेडमास्तरांनी ‘दमानं’बरोबर सोळा शिव्यांची यादी दिली होती. गाढव, नालायक, निर्लज्ज, मूर्ख, अशी सगळी वर्गातली भरती. सासऱ्यांपुढे ती यादी म्हणजे दुधखुळी. त्यांच्या शिव्या सगळ्या धंद्यातल्या. सुनेने सहा वर्षं एकेक शब्द टिपून त्या यादीत स्वतःची भर घातली होती: दांडीमार, पासंग, गंजकं पातं, फुटकं पारडं, खोटं वजन. तिची भर एकूण एकशे चाळीस शब्दांची. सासऱ्यांचा असा अभ्यास त्यांच्या मुलानेही केला नव्हता.

सगळ्यात जास्त शिव्या जायच्या, किंवा जायच्या राहायच्या, त्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाकडे. सहा वर्षांपूर्वी धाकटा बॅटरीवरचे काटे विकायला दुसऱ्या गावी निघून गेला. सासऱ्यांच्या लेखी तो धर्म बदलण्यापेक्षा मोठा गुन्हा होता. तेव्हापासून दोघे भेटले नव्हते, महिन्याला एखादं पत्र तेवढं चालू होतं. आता सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. एक डोळा आधीच निकामी झाला होता, त्यामुळे या दुसऱ्यावरच सगळी मदार. जेवताना एकदाच, पानात बघत, ते म्हणाले होते, “ऑपरेशनच्या वेळी धाकटा जवळ असला तर बरं होईल.” सून ते विसरली नाही. मागच्या आठवड्यात सासऱ्यांनी धाकट्याला शिव्या घालत ‘ये’ म्हणून लिहिलं, तेव्हा तिने त्याचं गोड बोलावणं करून धाडलं होतं, आणि त्याच्या उत्तराकडे सासऱ्यांइतकीच तीही डोळे लावून बसली होती.

तर अपडेट. सासरे दुपारी आडवे झाल्यावर तिने पदर खोचला. आधी सगळ्या पत्रांची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. मग अपडेटला हिरवा कंदील दिला. पट्टी सरकली, प्रोग्रॅम नव्या कपड्यांत उघडला. आठ ॲड-ऑन ठणठणीत. दोघांनी स्वतःची नवी आवृत्ती मागितली, ती मिळताच गप्प बसली. ‘दमानं’ मात्र करडं पडलं होतं. खाली ओळ: या आवृत्तीशी जुळत नाही.

ऑपरेशनला अठरा दिवस, आणि सासऱ्यांच्या लेखणीला बांध नाही. पण ती हार मानणाऱ्यांतली नव्हती. ॲड-ऑनच्या पोटात एक छोटी फाइल असते, आणि तीत मी अमुक आवृत्तीपर्यंतच चालेन असा आकडा लिहिलेला असतो, एवढं तिला ठाऊक होतं. तिने ‘दमानं’ काढलं, फाइल उघडली, आकडा वाढवला आणि ते पुन्हा बसवलं. नाव ठळक झालं. तपासायला म्हणून तिने सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून स्वतःलाच पत्र लिहिलं, ‘अगं गाढवा’. पत्र जागच्या जागी अडलं. तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि चहा टाकला.

चार वाजता धाकट्याचं उत्तर आलं. ‘बोलावण्याबद्दल आभारी आहे. सोय पाहून कळवतो.’

सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी असं काही टाइप करायला लागले की टेबलावरची वजनं खुळखुळली. सून निवांत होती. हे पत्र निवडायला अर्धा तास लागणार, एवढाच तिचा हिशेब. सासऱ्यांनी ‘पाठवा’वर बोट आपटलं आणि मागे लेथकडे निघून गेले.

तिने फोल्डर उघडला. रिकामा.

तिने पुन्हा उघडला. मग ‘पाठवलेली पत्रं’ उघडली. तिथे ते होतं, अठ्ठावीस ओळींचं, बिनसाखरेचं, दुकानाच्या पत्त्यासकट. ‘आभारी आहे म्हणे. अरे फुटक्या पारड्या, मी काय तुझं गिऱ्हाईक आहे?’ इथून सुरुवात होती आणि पुढे उतार होता.

तिने ‘दमानं’ची यादी उघडली. तीत सोळाच शब्द होते. ‘दमानं’ काढून पुन्हा बसवताना तिचे एकशे चाळीस शब्द वाहून गेले होते, आणि तपासायला तिने नेमका हेडमास्तरांचा गाढव वापरला होता.

सासरे हात पुसत परत आले. घसा खाकरून म्हणाले, “सूनबाई, ते धाकट्याचं पत्र जरा बघून घे. आज फारच लिहिलंय मी. त्याला शेवटी ये म्हणून लिही, म्हणजे नेहमीसारखं.”

“नेहमीसारखं म्हणजे?”

“म्हणजे तू करतेस तसं.”

सुनेने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “बाबा, तुम्हाला माहीत आहे?”

“सहा वर्षं.” सासरे खुर्चीत बसले. “दुरुस्त केलेला काटा मी उलट तपासल्याशिवाय दुकानाबाहेर सोडत नाही. स्वतःचं पत्र सोडीन? पाठवलेली पत्रं मी रोज वाचतो. छान लिहितेस.”

“मग बोलला का नाहीत?”

“सोयीचं होतं. माझा राग निघायचा, समोरच्याला लागायचं नाही.”

“आणि मी इथे रोज तुमच्या शिव्या निवडत बसायचे. गेल्या शनिवारी नऊ ओळी नुसत्या शिव्या होत्या.”

“त्या दिवशी तुझा चेहरा उतरलेला होता,” सासरे म्हणाले. “म्हटलं, वाचून जरा हसशील.”

ती खरंच हसली होती, म्हणून तिला जास्तच राग आला. पण रागवायला वेळ नव्हता. “बाबा, आजचं पत्र गेलं,” ती म्हणाली. “जसंच्या तसं. नव्या आवृत्तीत माझी यादी पुसली गेली. चूक माझी.”

सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी ते पत्र परत ओढता येईल का असं विचारलं. येणार नव्हतं. त्यांनी स्वतः माफीचं लिहायला घेतलं. ‘प्रिय धाकट्या’पर्यंत पोचले आणि अडले. पुढचं तू लिही, असं त्यांनी सुनेकडे न बघता सांगितलं. तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. सासरे शेजारी बसून चष्मा काढत होते आणि घालत होते. तो येणार नाही आता, असं ते दोनदा म्हणाले. त्यांना इतकं घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं आणि ते आपल्यामुळे झालं, हे तिला सहन होईना.

तेवढ्यात उत्तरच आलं.

“वाच,” सासरे म्हणाले. “मला नाही वाचवत.”

तिने वाचलं. “‘दादा, फुटकं पारडं असेल तुझा बाप. नको, तो माझाही होता. सहा वर्षांनी तुझं पत्र आलं. मधल्या काळात कुणी सभ्य माणूस तुझ्या नावाने मला लिहीत होता. तुझ्या प्रकृतीची काळजी वाटते, हे वाक्य तुझं निघालं तर मी एक किलोचं वजन गिळून दाखवीन. मला वाटलं, तू मला परका करून टाकलंस. इतकं नीट माणूस परक्याशीच बोलतो. मग मीही नीट लिहायला लागलो.’”

सून तिथेच थांबली. सासऱ्यांनी हातानेच पुढे वाच म्हणून खूण केली.

“‘बोलावण्यात लिहिलं होतं, डोळ्याची किरकोळ तपासणी आहे. किरकोळ तपासणीला कोण येतो? ऑपरेशन आहे आणि एकच डोळा उरलाय, हे मला आज कळलं, दोन शिव्यांच्या मध्ये. गाडी बघतोय. उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो.’”

किरकोळ तपासणी हे शब्द सुनेचे होते. धाकट्याला उगाच घोर नको म्हणून तिने ते मोठ्या विचाराने घातले होते. आपण सहा वर्षं दोन भावांमध्ये बसून साखर वाटत होतो आणि त्याच साखरेने ते लांब गेले, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि ती ओशाळून गेली.  सासऱ्यांनी तिच्या हातातला कीबोर्ड काढून घेतला, काहीतरी टाइप केलं आणि उठून मोरीवर तोंड धुवायला गेले. पाणी बराच वेळ वाहत होतं.

तिच्या टेबलावरच्या फोल्डरात एक पत्र येऊन थांबलं. हेडमास्तरांच्या सोळापैकी एक शब्द त्यात होता.

‘मूर्खा, लवकर ये. मला भीती वाटतेय.’

तिचा हात सवयीने पुढे झाला. पहिला शब्द काढावा, शेवटी प्रवास सांभाळून कर असं घालावं, एवढं सगळं तिच्या बोटांत तयार होतं. तिने एका अक्षरालाही हात न लावता ते पत्र पाठवून दिलं.