पुसलेले नेवासे

मित्रांनो, माझी गुंडाळी सोडायची असेल तर जरा हळूच सोडा. पाठीवरचे कापड विरले आहे, आणि चारचौघांत उघडे पडायची मला आता लाजही वाटते. मी अहमदनगर जिल्ह्याचा एक जुना नकाशा आहे. कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात, खिळ्याला टांगलेला असतो.

पुण्याच्या छापखान्यातून आलो तेव्हा मी कसा तुकतुकीत होतो! एसटीच्या टपावरून उतरलो तर निम्मे गाव बघायला जमले होते. जो तो आपले गाव शोधायचा आणि सापडले नाही की माझ्यावर रुसायचा. एक म्हातारबाबा म्हणाले, "आमचं गाव न्हाई, मंग कसला नकाशा?" मी तरी काय करणार? एवढासा माझा कागद.

पुढे मुलांनी मला बोटांनी वाचले. मधल्या सुट्टीत चटणी-भाकरी खाल्लेली बोटे, बरे का. नेवासे नेमके त्यांच्या हाताला यायचे, म्हणून तिथे तेलाचा चांगला रुपयाएवढा डाग पडला. डागाखालची अक्षरे नीट पाहिली तर दिसत, पण पाहतो कोण? आणि आपला तालुका दाखवून दाखवून कर्जतला तर भोकच पडले. "डाग तिथं नेवासं, भोक तिथं कर्जत," असा पाचवीचा भूगोल सोपा होऊन गेला. राधाकृष्ण गुरुजींनाही हे माहीत होते. पोरे बोट बरोबर ठेवतात ना, मग झाले!

एकटी बनू तशी नव्हती. ती साळूबाईची मुलगी. डाग असो, भोक असो, ती नाकाने वास घेतल्यासारखी अगदी जवळ येऊन अक्षर लावून वाचायची. तिचा श्वास मला गुदगुल्या करायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. साळूबाई खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली आणि तिने बनूला सांगून टाकले, "तपासणीला दिपोटी साहेब येनार हायेत. त्यांनी तुला शाबास म्हटलं, तर ऱ्हा शाळेत. न्हाई म्हटलं, तर हातोडी घ्यायची. मला येकटीला न्हाई निभत."

शाळेची तपासणी म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच. भिंती सारवायच्या, नखे कापायची, हुशार मुले पुढे बसवायची. तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजींची नजर माझ्यावर पडली. "अरेरे, काय हा डाग! साहेब काय म्हणतील?" त्यांनी रॉकेलमध्ये चिंधी बुडवली आणि मला घासले. खूप घासले. डाग गेला, आणि डागाबरोबर नेवासेही गेले. उरला नुसता एक पांढरा ठिपका. गुरुजींनी तो पाहिला, इकडेतिकडे पाहिले आणि चिंधी खिशात कोंबली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दारात पालक उभे होते. त्यांत डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली साळूबाईही होती. बनूने धडा असा वाचला की माझ्या काठ्या ताठ झाल्या. साहेब म्हणाले, "छान. आता नकाशात नेवासे दाखव बरं."

बनू आली. नेहमीसारखी अगदी जवळ. तिचे बोट एकेका नावाखालून सरकू लागले. राहुरी. सोनई. शेवगाव. पुन्हा राहुरी. मला ओरडावेसे वाटत होते, पण कागदाला कुठला आवाज?

"साहेब," ती हळूच म्हणाली, "हितं नेवासं न्हाई."

"नाही? मग गेलं कुठं? पुरात वाहून गेलं म्हणावं, तर यंदा पाऊसही नाही!"

सगळा वर्ग हसला. दारातले पालकही हसले. मग साहेबांनी काकासाहेबाला उठवले. नाव काकासाहेब, पण वय अकरा, आणि अक्षराशी जन्माचे वैर. त्याने लांबूनच पाहिले, जिथे डाग होता तिथे आता पांढरे झाले आहे. तिथे ठपकन बोट ठेवून तो म्हणाला, "हे नेवासं!"

"शाबास!" साहेब म्हणाले आणि बनूकडे वळले. "पोरी, धडा पाठ केलेला दिसतोय तुझा. वाचता येत नाही तुला."

मग त्यांनी नाक वर केले. "गुरुजी, रॉकेलचा वास कुठून येतोय?"

गुरुजींचा हात खिशाकडे गेला. आता बोलतील, असे मला वाटले. "कंदिलाचा असेल, साहेब," ते म्हणाले.

दारातली पाटी निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून बनूची जागा रिकामी राहिली.

गुरुजी वाईट नव्हते, मित्रांनो. बदलीला भीत होते. पण त्या दिवसापासून ते माझ्याकडे पाठ करून शिकवू लागले, आणि मला तर कुणाकडे पाठही करता येईना. शेवटी एका संध्याकाळी ते खडीच्या कामावर गेले. तिथे काय झाले, ते त्यांनीच दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितले. ते म्हणाले होते, "साळूबाई, चूक माझी होती. नाव मीच पुसलं." त्यावर साळूबाईने हातोडीही खाली ठेवली नाही. "मंग साहेबाम्होरं बोलायचं हुतं, गुर्जी. ज्या पोरांनी हसून घेतलं त्यांच्याम्होरं बोलायचं. हितं दगडाम्होरं बोलून काय?"

गुरुजी हे सांगत होते तेव्हा बनू वर्गाच्या दारात उभी होती. त्यांनीच तिला बोलावले होते. "पोरांनो, त्या दिवशी वाचणारी ही एकटीच होती," ते म्हणाले, आणि त्यांनी तिच्या हातात पेन्सिल दिली. "नाव नसलं तर गाव कसं शोधायचं, हे मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं. बनू, प्रवरेची रेघ धर. तिच्याच काठाला नेवासं आहे. सोनईच्या वरच्या अंगाला बघ."

ती जवळ आली. आता श्वासाला धुळीचा वास होता आणि बोटांना फोड आले होते. निळ्या रेघेवरून बोट नेत ती त्या पांढऱ्या ठिपक्यावर थांबली आणि तिने लिहिले, नेवासे. छापील अक्षरांपेक्षा जरा मोठे, जरा वाकडे. या वेळी कुणी हसले नाही. काकासाहेब तर आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

मला वाटले, आता ती बसेल. पण तिने पेन्सिल ठेवली आणि ती म्हणाली, "जाते, गुर्जी. आयची खडी पडलीय." साहेब काही परत आले नव्हते, आणि दुष्काळ तर गावातच होता.

खडीचे काम बंद झाल्यावर, गेल्या जूनमध्ये, बनू पुन्हा पाचवीतच बसली. तिच्याबरोबरची मुले सहावीत गेली होती. लहान मुलांच्या रांगेत तिचे डोके उंच दिसते, आणि ते दिसले की मी माझ्या काठीवर आतल्या आत गुंडाळला जातो.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. धूळ हलक्या हाताने झटका. पण कुणाला दाखवायचे म्हणून घाईने काही घासू नका. आणि घासलेच, तर ज्यांच्यासमोर सांगायचे त्यांच्यासमोरच सांगा, तेही वेळेवर. माझे काय, उद्या नवा नकाशा येईल आणि मी अडगळीत जाईन. तोवर एवढेच करा. मला डाग पडू देत, भोके पडू देत; पेन्सिलीने लिहिलेले नेवासे तेवढे पुसू नका.