बाहेरून कडी

दादाच्या सिनेमातली सगळी माणसं धाकटीच्या पायांनी चालायची. शूटिंगमध्ये पावलांचे आवाज धड येत नाहीत. ते नंतर स्टुडिओत, पडद्याकडे बघत कोणीतरी नव्याने वाजवावे लागतात. हे कोणीतरी म्हणजे दादाची सख्खी बहीण. नायिका जिना उतरली की धाकटी उतरायची, खलनायक वाळूवरून आला की धाकटी वाळूच्या ट्रेमध्ये एका जागी उभी राहून खलनायकासारखी यायची. एकदा घोडासुद्धा तीच झाली होती. आणि चुंबनं ती स्वतःच्या मनगटावर घ्यायची. दादाच्या सिनेमांत आजवर जेवढी म्हणून चुंबनं झाली, ती सगळी धाकटीच्या डाव्या मनगटाशी झाली होती, आणि त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नव्हती. मनगट आपल्यातलंच होतं.

दादा नावाजलेला दिग्दर्शक. चोरून केलेली प्रेमं, मोडकी घरं आणि माणसामाणसांतला भेदभाव हे त्याचे विषय. मुलाखतीत तो चष्मा काढून म्हणायचा, "प्रेमाला वरचा-खालचा कळत नाही, हो." चष्मा काढल्यावर त्याला समोरचं काही दिसत नसे, त्यामुळे हे तो नेमकं कोणाला सांगतोय हे त्यालाही ठाऊक नसायचं.

पावलं वाजवायला जुने जोडे लागतात. नवा बूट वाजतो खरा, पण तो कोणाचाच वाटत नाही. स्टुडिओत असे वापरलेले जोडे पोत्यात भरून आणणारा एक माणूस होता. सगळे त्याला बूटवाला म्हणत. हे जोडे येतात कुठून, हे फक्त धाकटीने विचारलं.

"माणसं जातात," तो म्हणाला. "मागे राहिलेल्यांना जोडे बघवत नाहीत. मला म्हणतात, एवढे घेऊन जा."

बूटवाला शववाहिका चालवायचा. गाडी मागच्या गल्लीत लावून यायचा, कारण पुढे लावली की वॉचमन टोपी काढून उभा राहायचा आणि बूटवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कोणी मान दिला की ओशाळणारा पुरुष धाकटी आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. घरी तिने उलटाच नमुना पाहिला होता. पुढे व्हायचं ते झालं.

फुटलं ते आत्यामुळे. आत्या सिग्नलला रिक्षात होती. शेजारी शववाहिका थांबली, तर पुढच्या सीटवर धाकटी. आत्याने तिथूनच दादाला फोन लावला आणि हंबरडा फोडला.

"कोण गेलं रे? मला कळवायचीसुद्धा पद्धत नाही तुमच्यात?"

"कोणी गेलं नाही, आत्या. आई समोर बसलीय."

"मग धाकटी शववाहिकेत बसून आइस्क्रीम का खातेय?"

घरात कोणी मेलं नाही याचा राग आत्याला पुढे बरेच दिवस होता.

धाकटी घरी आली तशी दादाने तिच्या कानाखाली वाजवली.

"मढेवाला? जगात दुसरं कोणी जिवंत नव्हतं?"

"तो जिवंतच आहे, दादा."

"तोंड वर करून बोलू नकोस. त्याचे हात कशाकशाला लागलेले असतात!"

"बाबांना लागले होते," धाकटी म्हणाली. "बाबांना त्यानेच उचललं. स्ट्रेचरचं समोरचं टोक तुझ्याकडे होतं."

दादाने आठवून बघितलं. त्याला स्ट्रेचर आठवलं, स्वतःचं रडणं आठवलं, त्या दिवशीचा आपला शर्टही आठवला. चेहरा आठवेना. शववाहिकेच्या ड्रायव्हरचं तोंड बघतो कोण? आणि ज्याला तो मढेवाला म्हणत होता तोच आपल्या स्टुडिओतला बूटवाला, हे तर त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"पुन्हा त्याला भेटलीस," दादा शांतपणे म्हणाला, "तर त्याला त्याच्याच गाडीत मागे झोपवीन. माझ्या ओळखी तुला माहीत आहेत."

माहीत होत्या. तिचा फोन दादाच्या कपाटात गेला आणि धाकटी तिच्या खोलीत. बाहेरून कडी.

ही कडी जुनी, हट्टी. दार खालून पायाने रेटायचं, मग कडी करकरत सरकायची आणि शेवटी खटकन बसायची. ती बसली की दादा दारावर हाताने दोनदा थाप द्यायचा, टॅक्सीत सामान चढवल्यावर ड्रायव्हरला 'चल' म्हणून देतात ना, तशी. का द्यायचा देव जाणे. बहुतेक वेळा तो तेव्हा फोनवर बोलत असायचा. आणि थाप ऐकली की स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "अरे, ताट गेलं का तिचं आत?"

"गेलं, आई!"

आईला ताटाची फार काळजी. कडीबद्दल तिने एकदाही विचारलं नाही. आत बसून धाकटी भिंतीला टेकायची आणि दोघांपैकी कोणाचा जास्त राग येतो याचा विचार करायची. दादाचा येत होताच, तो सरळ होता. आईचा राग भाजी चांगली झाली की वाढायचा.

अशात दादाला नव्या सिनेमाचा विषय सुचला.

एका बड्या घरातली मुलगी कबरी खोदणाऱ्याच्या प्रेमात पडते. भाऊ तिला कोंडतो. शेवटी भावाचे डोळे उघडतात, तो दार उघडतो आणि खूप वेळ रडतो. कबरी खोदणारा बासरी वाजवतो. दिसायला तो असा की त्याच्या हातून मेलेलेही खुशीने पुरून घेतील. दादाने आईला आणि धाकटीला गोष्ट वाचून दाखवली, वाचताना स्वतःचा गळा दाटून आला म्हणून मध्ये पाणी प्यायला थांबला, आणि वाचून झाल्यावर धाकटीला पुन्हा आत घालून कडी लावली. टक, टक.

"कशी वाटली?" त्याने बाहेरून विचारलं.

"भाऊ खोटा वाटतो," धाकटी आतून म्हणाली.

"तो प्रतीकात्मक आहे."

सिनेमा झाला. पावलं वाजवायची वेळ आली तेव्हा दादाला तिला बाहेर काढणं भाग होतं. तिच्यासारखं चालणारं दुसरं कोणी नव्हतं. सकाळी दादा तिला गाडीतून स्टुडिओत न्यायचा, दिवसभर मागे खुर्ची टाकून बसायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. त्याच्यादेखत धाकटीने सिनेमातल्या भावाने बहिणीला मारलेली थप्पड वाजवली, ओल्या टॉवेलवर हातमोजा आपटून. ते ऐकून दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती दुष्ट माणूस!" तो पडद्यावरच्या भावाबद्दल म्हणाला.

बूटवालाही येत होता. दादा पाच हातांवर बसलेला असताना तो पोतं उघडायचा.

"हा चावतो का बघा, ताई."

"चावतो," धाकटी बूट घालत म्हणायची. "पण काढता येत नाही सध्या."

"कापून काढू?"

"नको. नीट निघेल असं बघू."

"अरे, काय सुंदर बूट!" दादा मागून म्हणाला. "काय झिजलाय! यात एक आख्खं आयुष्य आहे." त्याने बूटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रीमियरचा पास त्याच्या खिशात खोचला. "तू यायचंच. हा सिनेमा तुझ्यासारख्यांचा आहे." बूटवाल्याने त्या हाताकडे बघितलं, मग धाकटीकडे. धाकटी बुटाची नाडी बांधत राहिली. एवढ्या जोरात, की नाडी तुटली.

अडलं ते कडीपाशी. सिनेमात भाऊ पहिल्यांदा दार लावतो तेव्हा कॅमेरा आत, मुलीच्या चेहऱ्यावर. भाऊ दिसतच नाही. तो फक्त ऐकू येतो. धाकटीने स्टुडिओतल्या सगळ्या कड्या वाजवून बघितल्या. दादा मान हलवत राहिला.

"यात वेदना नाही. ही तर बाथरूमची कडी वाटते."

"ती बाथरूमचीच आहे," आवाज रेकॉर्ड करणारे कानकाका म्हणाले.

"मला खरी कडी हवी. जिच्यामागे खरंच माणूस कोंडलाय अशी."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फक्त कलेची तळमळ. तेव्हा तिला कळलं, की हा माणूस ढोंगी नाही. ढोंग्याला निदान आपण लपवतोय ते माहीत असतं. हा स्वतः लावलेली कडी कधी ऐकतच नव्हता. आणि या कळण्याने तिचा राग निवायचा तो उलट पेटला.

"रेकॉर्डिंगचं मशीन घरी नेऊ दे," ती म्हणाली. "घरात दारं आहेत."

"वा! ने ने," दादा म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने आतल्या बाजूने दाराला मशीन लावून धरलं. पायाचा रेटा, करकर, खटका. टक, टक. आईचा आवाज यायच्या आत तिने बटण दाबून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत दादाने ते ऐकलं आणि खुर्चीतून उठला. "हीच! आणि शेवटच्या त्या दोन थापा... केवढा माज आहे त्यात! कसं सुचलं तुला?"

"सुचलं नाही. ऐकलं."

कानकाकांनी एकदा दादाकडे बघितलं, एकदा धाकटीकडे, आणि मग आपल्याला नुसतं रेकॉर्डिंगच येतं असा चेहरा करून ते मशीनकडे वळले.

प्रीमियरला हॉल खच्चून भरला होता. पत्रकार, समीक्षक, प्रेमावर मतं असणारे सगळे. पहिल्या रांगेत दादा, शेजारी आई, आईशेजारी नव्या साडीत धाकटी, कारण अख्खं कुटुंब फोटोत दिसायला हवं होतं. आत्या मागच्या रांगेत. बूटवाला दाराजवळ उभा. गाडी यावेळी त्याने पुढे लावली होती. पास होता ना.

आईला सिनेमात झोप लागायची. बासरी सुरू झाली आणि आई पेंगली. मुलगी कोंडली जायचा प्रसंग आला. पडद्यावर नुसता चेहरा, हॉलमध्ये चिडीचूप. मग चारी बाजूंच्या स्पीकरमधून पायाचा रेटा, करकर, खटका.

टक. टक.

आई झोपेतून दचकून उठली आणि सवयीने, घरातल्यासारखी, खणखणीत आवाजात ओरडली, "अरे, ताट गेलं का तिचं आत? कालही उपाशी ठेवलीस!"

आणि तितक्याच सवयीने, पडद्यावरची नजर न काढता दादा म्हणाला, "गेलं, आई!"

मागच्या रांगांतले लोक वाकून बघायला लागले. पडद्यावरची मुलगी रडत राहिली. मग दादाची मान हळूहळू वळली, आधी आईकडे, मग धाकटीकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ती कडी ऐकली होती.

एक बाई पत्रकार उठून उभी राहिली. "सर, 'तिचं' म्हणजे कोणाचं?"

"आईची तब्येत जरा..." दादाने चष्मा काढला.

"माझं," धाकटी उठून म्हणाली. वाजवायची सवय असलेल्या बाईचा आवाज; शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "ही कडी माझ्या खोलीची. या थापा याच्या. पडद्यावरच्या भावाचे डोळे दोन तासांत उघडतात, आमच्या याचे अजून उघडायचेत. कबरी खोदणारा म्हणजे तो दाराशी उभा आहे, त्याला बासरी येत नाही. आणि उद्या त्याच्या केसाला धक्का लागला, तर कोणी लावला हे आता इथल्या सगळ्यांना माहीत आहे."

दादाने दाराकडे बघितलं. "हा? हा तर बूटवाला आहे!"

"हो," बूटवाला म्हणाला. "बाबांच्या वेळी आपण भेटलो होतो."

"खाली बस," दादा दातांत पुटपुटला. "सिनेमा चालू आहे."

"तू बघ."

ती निघाली. आईने तिचा पदर धरला. "अगं, जेवून तरी जा."

"तू कधी कडी काढलीस, आई?"

आईने पदर सोडला.

"त्या गाडीतून जाणार?" मागून आत्या म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"तू आधी रडून घे, आत्या. मग सांग."

बाहेर शववाहिका अगदी दारासमोर होती. तिच्याभोवती गाड्यांची गर्दी, पण तिला वाट देऊन. दादा धावत बाहेर आला, मागे कॅमेरे, मागे दोन सिक्युरिटीवाले. "थांबवा त्यांना!" तो ओरडला. सिक्युरिटीवाल्यांनी गाडी बघितली आणि टोप्या काढल्या. रस्त्यावरची माणसं थांबली, माना खाली गेल्या. एक म्हातारा दादाजवळ आला, त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "धीर धरा. कोण होतं?"

"बहीण," दादाच्या तोंडून निघून गेलं.

धाकटी पुढच्या सीटवर बसली. तिचा राग गेला नव्हता. तो बरीच वर्षं पुरेल एवढा होता आणि टाकून द्यायची तिला काही घाई नव्हती. बूटवाल्याने किल्ली फिरवली. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि दारावर दोनदा थाप दिली.

टक, टक.

"चल," ती म्हणाली.