नाथाजीची दुमजली नाव

बारा वर्षं मी फसलेल्या युद्धनौका गोळा केल्या. वहीत. कुपवाडला एका कारखान्यात मी ड्रॉइंगं काढते. दुपारी डबा खाऊन झाला की बाकीच्या पोरी मोबाईलवर साड्या बघायच्या आणि मी बुडालेली जहाजं. रशियाचं एक होतं, परातीसारखं गोल. तोफ डागली की गरगर फिरायचं म्हणे. इंग्रजांचं एक, जाणकार नको नको म्हणत असताना हट्टानं बांधलेलं. ते उलटलं आणि हट्ट करणाऱ्यासकट पावणेपाचशे माणसं तळाला गेली. माणसांचं वाईट वाटायचं, पण त्या हट्ट करणाऱ्याचं न्हाई. खोटं कशाला बोलू?

कारण आमच्या अण्णांचीही नाव उलटली होती. अण्णा म्हणजे नाथाजी सुतार, सांगलीच्या कृष्णाकाठी शर्यतीच्या होड्या बांधणारे. बारा वर्षांपूर्वी तालमीचे अध्यक्ष लालासाहेब यांना गणपतीत लढाऊ जहाजाचा देखावा नदीत उतरवायचा होता. नाव तयार झाल्यावर ऐनवेळी म्हणाले, वर आणखी एक मजला चढव आणि त्यावर लोखंडी तोफ. अण्णांची रीत अशी, की नवी नाव पाण्यात गेली की वीस माणसं या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवायची. डुलून सरळ झाली तरच सोडायची. अण्णा म्हणाले, "वजन वर गेलंय, निदान पळवून तरी बघू." लालासाहेब म्हणाले, "मुहूर्त टळतोय! पळवापळवी कसली?"

नाव घाटासमोरच आडवी झाली. सगळे पोहून आले. ओल्या कपड्यांनिशी लालासाहेबांनी माईक धरला आणि गावाला सांगितलं, "नाथाजीचा हात थरथराय लागलाय. आता त्याला काम देऊ नका." झालं! त्या दिवसापासून माझा बाप पोळपाट-लाटणी करतो आणि घाटाकडं पाठ करून बसतो.

मग एके दिवशी मला स्वीडनचं जहाज सापडलं. चारशे वर्षांपूर्वीचं. राजाला तोफांचे दोन मजले पाहिजे होते. तीस माणसं पळवली तर ते इतकं डुललं की पळवणंच थांबवलं, आणि तसंच पाण्यात सोडलं. मैलभर जायच्या आत बंदरातच बुडालं. चौकशीत दोष कुणावरच आला नाही. राजाला विचारणार कोण? मी रडत रडत वाचलं आणि शिव्या दिल्या. राजाला न्हाई, लालासाहेबाला.

यंदा तालमीला पन्नास वर्षं झाली. लाकडी नाव बांधणारं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून लालासाहेब आमच्या दारात आले.

"संयोगिता, झालं गेलं इसर पोरी. तशीच लढाऊ नाव पायजे. दुमजली. वर तोफ."

"आवं, बांधू की," मी म्हणाले. "फकस्त काय काय पायजे ते तुमच्या हातानं लिहून द्या."

त्यांनी ऐटीत लिहून सही ठोकली. ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "नको गं, बाय."

"तुमी गप बसा, अण्णा. जुन्याच मापानं बांधायची. एक बोट इकडं न्हाई, एक बोट तिकडं न्हाई."

विसर्जनाच्या सकाळी सगळं गाव घाटावर लोटलं. नाव मी छातीभर पाण्यात दोरांनी बांधली होती. मला माणूस मारायचा नव्हता. मेला असता तर चौकात त्याचा पुतळा झाला असता. आधी नुसती खालची नाव. तालमीचे वीस पैलवान तीनदा पळवले. नाव डुलली आणि तीनदा सरळ झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तयार मजला चढवला, बोल्ट आवळले, वर तोफ बसवली. लालासाहेब कडक इस्त्रीत, फेटा बांधून, फोटोसाठी तोफेजवळ जाऊन उभे राहिले.

"पळा!" मी पैलवानांना ओरडले.

"ए पोरी, मुहूर्त टळतोय! पळवापळवी कसली?"

तेच वाक्य. माझं डोकंच फिरलं. "पळा म्हणते ना!"

पैलवान एकदाच पळाले. नाव कलली ती परत आलीच नाही. पैलवान उड्या टाकून मोकळे झाले, फेटा एकीकडं तरंगला आणि लालासाहेब दुसरीकडं खोकत वर आले. मी माईक घेतला आणि त्यांचा कागद वाचला. "'दुमजली करणे. वर लोखंडी तोफ ठेवणे. सही, लालासाहेब.' मंडळी, खालची नाव नाथाजीची, ती तुमी बगितली. वरचा मजला ह्यांचा. त्यो बी बगितला."

पहिली शिट्टी कुणी मारली देव जाणे, पण मग घाट नुसता दणाणला.

अण्णा कधी पायऱ्या उतरले मला कळलंच नाही. त्यांनी लालासाहेबांपुढं हात केला. असा राग आला मला! लालासाहेबांनी तो हात घट्ट धरला, शेवाळलेल्या पायरीवर पाय ठेवला. पण अण्णांनी ओढलंच नाही. नुसतं धरून ठेवलं. मी माईक पुढं नेला.

"लालासाहेब," अण्णा म्हणाले, "हात थरथरतोय का, बघा बरं."

लालासाहेबांनी एकदा गर्दीकडं बघितलं. "न्हाई," ते पुटपुटले.

"मोठ्यानं."

"न्हाई, नाथाजी! न्हाई थरथरत!"

मग अण्णांनी त्यांना एका हिसक्यात वर ओढलं.