उन्हाळ्यात फुगलेलं दार

"अजून एकदा रंधलं, तर या दाराची खिडकी होणार बघा," मल्लाप्पा दाराशीच बोलल्यासारखा पुटपुटला.

दाराची दुसरी कड धरून हेमलता इतक्या जवळ बसली होती, की त्याच्या तोंडातल्या सुपारीचा वासही तिला येत होता. ऐकू आलं नाही म्हणायची सोय नव्हती. तरी तिने तसंच केलं.

"खालून पण स्वल्प घे. फरशीला घासतंय."

"घेतो की, अक्का. होळीला घेतलं होतं. दिवाळीला पण घेतलं होतं." रंध्यातून लाकडाचं साल गोल गोल होत बाहेर पडलं. "पावसात लाकूड फुगतंय, हे आमच्या आज्यालाबी ठाऊक. पर आता तर उन्हानं डांबर वितळायलंय."

"सागवान नाही ना ते."

"सागवान नाही. सरी, तसंच असेल," मल्लाप्पा म्हणाला आणि पुन्हा रंधा चालवू लागला. निपाणीकडचा माणूस, निम्मं आयुष्य बंगळुरात गेलेलं. कुठल्या घरात काय बोलायचं नसतं ते त्याला बरोबर कळायचं. त्याचं काम दारापुरतं. दार ज्या भिंतीत बसतं, ती भिंत मालकाची.

महादेवपुऱ्यातलं हे घर आता चार मजली होतं, पण जन्मलं तेव्हा ते दुमजली होतं. हेमलताचे यजमान दयानंद सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सगळी हयात लेथमशिनींच्या सहवासात गेली. नोकरीत असताना त्यांनी खाली स्वतःला आणि वर भाड्याला असं बेतशीर घर बांधलं. मग आसपास काचेचे आयटी पार्क उगवले. रोज कुणी ना कुणी गेटवर येऊन "घर खाली आहे का?" विचारू लागलं. निवृत्तीनंतर एक मजला चढला. त्या मजल्याला सोबत म्हणून आणखी एक चढला, सुट्या खोल्यांचा. बोअरवेल आटली तेव्हा टँकरचं पाणी साठवायला गच्चीवर दोन मोठाल्या टाक्या आल्या. बाईच्या डोक्यावर पाटी, पाटीवर हंडा, हंड्यावर कळशी, तसं ते घर उभं होतं. पाया मात्र पहिल्या दिवशीचाच, आणि पायाखाली जुन्या तळ्याच्या काठची माती.

भिंतीला भेग पडली की दयानंद पुट्टी भरून घेत. दार अडलं की मल्लाप्पाला फोन जाई. भाडेकरू कुरकुरत, पण त्यापुढचं कुणी बोलत नसे. बोललं की घर शोधायला लागायचं, आणि ऑफिसच्या जवळ, पोरांच्या शाळेच्या जवळ, मालकीण आजारपणात खिमट पाठवते असं घर या शहरात शोधणं म्हणजे उंबराचं फूल शोधणं. हेमलताही बोलत नसे. त्या घरावर त्या दोघांचं म्हातारपण उभं होतं. आणि हे घर सोडून दयानंदांनी आयुष्यात कशाचाही अभिमान मिरवला नव्हता, बायकोचासुद्धा नाही.

आज दुपारी नवीन मुलगा सगळ्यात वरच्या मजल्यावरची ही सुटी खोली बघायला येणार होता. म्हणून तर दार.

"तू हे बसव, मी आतून झाडून घेते," असं म्हणून ती उठली. खोलीत आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेलं लोखंडी कपाट होतं. त्यामागची जळमटं काढायला तिने ते दोन्ही हातांनी ओढलं.

मागे भेग होती. पुट्टी भरलेली, आणि पुट्टीसकट पुन्हा उघडलेली. भेगेवर आडवी, बोटभर रुंद काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने पक्की चिकटवलेली होती. शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख. सातावर आडवी रेघ मारायची दयानंदांची ती सवय तिने आंधळेपणीही ओळखली असती.

काच मधोमध तुटली होती.

तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लग्नानंतर दयानंद तिला एकदा कारखाना दाखवायला घेऊन गेले होते. सिनेमाला नेलं असतं तर बरं, असं तेव्हा तिला वाटलं होतं. तिथे एका अवाढव्य मशिनीखालच्या भेगेवर अशीच काच होती. "भेग मेलेली असेल तर काच टिकते," ते कौतुकाने म्हणाले होते. "जिवंत असेल तर तोडते."

दर रविवारी टाकी बघून येतो म्हणून हा माणूस वर यायचा. गुडघे धरत, जिन्यावर दोनदा थांबत. ती म्हणायची, अहो, टाकीला काय पाय फुटणारेत? इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्यापासून दोनच गोष्टी लपवल्या. एक सिगारेट आणि दुसरी ही काच. सिगारेट तिने आठवड्यात पकडली होती.

तिने कपाट होतं तसं मागे ढकललं. हाताची धूळ पदराला पुसली. खाली जाऊन विचारायचं, आत्ताच विचारायचं, असं ठरवून ती एक जिना उतरली, आणि त्याखालच्या मजल्यावरून केतकीचा आवाज आला.

"वल्लरी, बाळा, कडी फिरव!"

"फिरवली, मम्मा!"

केतकी भाडेकरू, मूळची पुण्याची. घरूनच काम करायची. कानातला हेडफोन गळ्यात लोंबत होता, त्यातून कुणाची तरी मीटिंग अजून चालू होती. बाथरूमच्या दाराला ती खांदा लावून उभी होती.

"काकू, दार उघडत नाहीये. सकाळी नीट उघडत होतं, मीच तर—" तिने वाक्य सोडून दिलं. "वल्लू, परत लाव आणि परत काढ बरं. शहाणी ना तू?"

आतून कडी लागल्याचा खट्ट आवाज आला. मग निघाल्याचा. दोघींनी स्पष्ट ऐकला. दोघींनी मिळून दार ढकललं.

दार हललं नाही.

केतकीने हेमलताकडे पाहिलं, आणि हेमलताने चौकटीकडे. वरच्या कोपऱ्यात चौकट दाराच्या अंगावर अशी बसली होती, जसा कुणी झोपलेल्या माणसाच्या खांद्यावर हात दाबून ठेवावा.

"मल्लाप्पा!" हेमलता जिन्यात ओरडली. "सगळं सामान घेऊन ये, लवकर!"

"आजी," आतून चार वर्षांचा आवाज आला, आता रडवेला. "भिंतीतून मुरमुऱ्यांसारखा आवाज येतोय."

"कसला गं?"

"कुरकुर." मग काहीतरी तडकलं. मोठ्याने. "मम्मा! टाइल पडली!"

"लागली का? वल्लू, लागली का तुला?" केतकी दारावर मुठी मारू लागली.

"नाई-ई..."

"त्या भिंतीपासून लांब हो," हेमलता म्हणाली. आपला आवाज इतका शांत कुठून निघतोय ते तिला कळेना. "नळापाशी जा. बादली उलटी कर आणि डोक्यावर घे. आपण हेल्मेट हेल्मेट खेळू. घेतली?"

"हो," बादलीतून घुमत उत्तर आलं.

मल्लाप्पा पटाशी आणि हातोडा घेऊन धावत आला. त्याने फटीत पटाशी घातली, जोर केला, ती वाकली. त्याने एकदा वर चौकटीकडे पाहिलं, तोंडातली सुपारी गिळली आणि खाली गुडघ्यांवर बसला. "चौकटीला हात नको. तळाची फळी फोडतो." तोवर दयानंदही खालून धापा टाकत आले. त्यांनी तळहात चौकटीवर टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

हातोडा पडत राहिला. प्रत्येक घावाला वरून चुन्याची भुकटी सांडत होती, मल्लाप्पाच्या केसांत, केतकीच्या हेडफोनवर. फळी चिरली, मग निघाली. भोकातून आधी लाल बादली आली आणि मागून वल्लरी. केतकीने तिला ओढून छातीशी धरलं आणि खालीच बसली.

"नमस्कार काका."

जिन्याच्या वळणावर एक मुलगा उभा होता. हातात हेल्मेट, पाठीवर बॅग. "मी अभिराज. वरच्या रूमसाठी फोन केला होता. लवकर आलो का?" त्याने ढलप्यांकडे पाहिलं. "मला बघायची पण तशी गरज नाही, काका. फोटो आवडले. सोमवारी जॉइनिंग आहे, दहा ठिकाणी फिरून दमलो. तुम्ही हो म्हणाला तर टोकन आत्ता पाठवतो." त्याने फोन काढलाही.

दयानंद त्या फुटक्या दारासमोर आडवे आले. म्हणजे नुसते सरकले, पण हेमलताला दिसलं.

"ये, ये. काही नाही, आमची छोटी अडकली होती. कडी उलटी फिरवली असणार तिने. लहान मुलांना कळत नाही." ते वल्लरीकडे वळून हसले. "हो ना गं?"

वल्लरीचे हुंदके थांबले. "मी सरळच काढली, आजोबा."

"नाही बाळ, उलटी फिरली असेल. घाबरलीस ना तू."

"नाही! मम्मा, मी काढली होती ना गं?"

केतकीने तिच्या केसांतला चुना झटकला, कपाळावर ओठ टेकवले. जूनमध्ये शाळा सुरू होणार होती, इथून दोन गल्ल्यांवर. मल्लाप्पा वाकलेली पटाशी पिशवीत घालण्यात गुंतला. अभिराजचा अंगठा फोनवर थांबून होता.

वल्लरीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग आपल्या हाताकडे, ज्याने कडी काढली होती त्या हाताकडे. खरंच उलटी फिरवली का, असं तिच्या चेहऱ्यावर उमटू लागलं.

ते मात्र हेमलताला सोसलं नाही. दार सागवानी नाही म्हणून त्यांनी लाकडाला दोष दिला, तिने हूं म्हटलं होतं. उन्हाळ्यात पावसाला दिला, तरी हूं म्हटलं होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली. "वरच्या खोलीतलं कपाट ओढलं मी. काच तुटलीय."

चौकटीवरचा त्यांचा हात खाली आला.

"कुठे?"

"मधोमध."

"रविवारी अखंड होती," दयानंद म्हणाले. एवढंच, आणि तेही तिच्याशी नव्हे. त्यांनी वर पाहिलं. वर दुसऱ्या भाडेकरूचं घर, त्यावर ती खोली, त्यावर टाक्या, सकाळीच टँकरने काठोकाठ भरलेल्या. भिंतीत पुन्हा बारीक कुरकुर झाली. या वेळी ती सगळ्यांनी ऐकली आणि सगळे दयानंदांकडे बघू लागले. मल्लाप्पासुद्धा.

गुडघ्यांवर हात दाबत ते हळूहळू खाली बसले, वल्लरीच्या डोळ्यांच्या उंचीला येईपर्यंत. तिचा चुन्याने माखलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

"कडी तू बरोबर काढलीस. तुझं काही चुकलेलं नाही." मग मान वर करून अभिराजला म्हणाले, "तो फोन ठेव खिशात, बाबा. आणि वरच्या मजल्यांवरची दारं वाजव, सगळ्यांना खाली रस्त्यावर बोलाव. हेमा, तू गॅस बंद करून ये." त्यांनी श्वास घेतला.

"दार नाही फुगलेलं. घर खचतंय."